अपंगत्व पेन्शनचे अपील दोनदा फेटाळले. आता न्यायाधिकरणात जावे का?

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून 2019 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने उच्च रक्तदाबापोटी 30 टक्के अपंगत्व नोंदवले. पण हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा शेरा मारला. पहिले अपील फेटाळले गेले आणि गेल्या महिन्यात दुसऱ्या अपिलालाही नकार आला. गावातले इतर माजी सैनिक म्हणतात की आता प्रकरण संपले. हे खरे आहे का?
– एक माजी हवालदार, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : प्रकरण संपलेले नाही. आपली दोन्ही अपिले खात्याच्या आणि मंत्रालयाच्या समित्यांपुढे चालली, आणि या समित्या अनेकदा मूळ मंडळाचेच म्हणणे दोन ओळींत पुन्हा कळवतात. आपल्याला आता सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करता येईल. 2007 च्या कायद्यानुसार त्यासाठी अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. तरी मुदत हाताशी असताना ती वाया घालवू नये.

अशा प्रकरणांचा निकाल बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर फिरतो : मंडळाने नकाराचे कारण दिले आहे की नुसता निष्कर्ष लिहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह प्रकरणात 2013 मध्ये स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त अवस्थेत सेवेत आला असे गृहीत धरावे लागते, पुढे उद्भवलेल्या आजाराचा सेवेशी संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर असते, आणि हा आजार भरतीच्या तपासणीत ओळखता आला नसता असे मंडळाचे मत असेल तर त्याची कारणे त्याने नोंदवली पाहिजेत. आपल्या अर्जाला सरकारचे उत्तर काय येईल, हेही सांगून ठेवतो. तो निर्णय अपंगत्व पेन्शनच्या 1982 च्या नियमांवरचा आहे, आपल्याला 2008 चे नियम लागू आहेत आणि त्यांत असे गृहीतक उरलेले नाही, असे सांगितले जाईल. हा मुद्दा पोकळ नाही. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये 2008 च्या नियमांखालील प्रकरणांतही मंडळाने कारणे देण्याचा आग्रह कायम ठेवला, आणि आजार शांतता क्षेत्रात (सीमा व कारवाईपासून दूरच्या ठाण्यावर) सुरू झाला एवढे म्हणणे पुरेसे कारण नाही, असे सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या न्यायालयाने केंद्र सरकारच्या सुमारे 300 याचिका एकत्रितपणे फेटाळल्या. दिल्लीचा निर्णय मुंबईवर बंधनकारक नसला तरी तो तेथे वजनदार ठरतो.

म्हणून वकील गाठण्याआधी मंडळाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मिळवा. ती हाती नसेल तर आपल्या रेजिमेंटच्या बेळगाव येथील अभिलेख कार्यालयाकडे (जवानांची सेवेची कागदपत्रे ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस) लेखी मागणी करा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा मसुदा करून घेण्यास मदत मिळते. मंडळाच्या कार्यवाहीच्या पहिल्या भागात आपल्या प्रत्येक ठाण्याची तारखांसह नोंद असते आणि त्यापुढे शांतता की क्षेत्रीय हे एका अक्षरात लिहिलेले असते. रक्तदाब प्रथम आढळल्याची तारीख या तक्त्याशी जुळवून पाहा. आपण त्या काळात अतिउंच प्रदेशात किंवा दहशतवादविरोधी कारवाईत असाल, तर लष्कराची स्वतःची वैद्यकीय मार्गदर्शिकाही आपल्या बाजूने बोलते. क्षेत्रीय ठाण्यावरून आल्यानंतर थोड्याच काळात निदान झाले असेल, तर तेही अर्जात ठळकपणे मांडावे. युनिट कमांडरचा अभिप्राय याच कागदांत असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही; आपण वाचावा.

यश आले तर 30 टक्के हे 50 टक्के धरले जातात. ही सवलत केवळ मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच नाही, तर सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये ठरवले. पूर्ण म्हणजे 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम मिळते आणि कमी अपंगत्वाला त्याच प्रमाणात कमी. उदाहरणार्थ, वेतन 46,000 रुपये धरले तर 30 टक्के अपंगत्वाचे दरमहा 4,140 रुपये होतात, तर 50 टक्क्यांचे 6,900. महागाई भत्ता वेगळा. निकालानंतर पैसे आपोआप येतील असे मात्र समजू नका. आदेशात दिलेली मुदत उलटली तर अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि 2023 पासून न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध सरकारला (तसेच आपल्यालाही) उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग पुन्हा मोकळा झाला आहे.

प्रश्न : माझा मुलगा वार्षिक रजेवर गावी आला असताना मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय कायमचा अधू झाला. लष्कराने अपंगत्व पेन्शन नाकारली. रजेचा काळ हाही ड्यूटीच धरला जातो ना?
– एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली

उत्तर : या प्रकरणात खोटी आशा दाखवणे योग्य होणार नाही. रजा ड्यूटी धरली गेली तरी अपघाताचा सैनिकी सेवेशी काही कार्यकारण संबंध असावा लागतो, अशीच सर्वोच्च न्यायालयाची भूमिका राहिली आहे. वार्षिक रजेत गावी झालेल्या अपघाताचा दावा त्याने 2011 मध्ये याच कारणाने नामंजूर केला. प्रवासाची गोष्ट वेगळी आहे. किरकोळ रजेवर घरी जाताना रेल्वेतून उतरत असताना हात गमावलेल्या जवानाला त्याच न्यायालयाने 1999 मध्ये पेन्शन मंजूर केली होती. तेव्हा अपघाताच्या दिवशी मुलगा कोठे निघाला होता, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो युनिटकडे परतत असेल, तर रजेचा दाखला, तिकीट आणि पोलिसांचा पंचनामा एकत्र करून अपील करावे. शेतावर किंवा बाजारात जात असेल, तर खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

प्रश्न : वडिलांना 1988 मध्ये वैद्यकीय कारणावरून लष्करातून घरी पाठवले आणि कोणतीही पेन्शन दिली नाही. त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. इतक्या वर्षांनी दावा चालेल का?
– एक वाचक, ता. खटाव, जि. सातारा

उत्तर : चालू शकतो. पेन्शन न मिळणे हा दरमहा नव्याने होणारा अन्याय असल्यामुळे केवळ उशिराच्या कारणाने दावा फेटाळला जाऊ नये. मात्र थकबाकी अर्जापूर्वीच्या 3 वर्षांपुरतीच मिळेल, असे तरसेम सिंह प्रकरणात 2008 मध्ये ठरले आहे. शिवाय वैद्यकीय कारणाने सेवेतून काढले, याचाच अर्थ अपंगत्व 20 टक्क्यांहून अधिक होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटले आहे, आणि जुन्या प्रकरणांत याचा मोठा उपयोग होतो. आपली खरी अडचण कागदांची असेल. जुने दप्तर ठराविक काळानंतर नष्ट केले जाते. वडिलांचे डिस्चार्ज बुक शोधा, त्यात घरी पाठवण्याचे कारण ज्या पानावर लिहिले आहे त्याची साक्षांकित प्रत काढा, आणि ती जोडून आधी अभिलेख कार्यालयाकडे मागणी करा. त्यांचे उत्तर आले, मग ते 'दप्तर उपलब्ध नाही' असे का असेना, की न्यायाधिकरणात जाण्यास आधार मिळतो.