आक्षेप नसलेला उमेदवार

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद.

परराष्ट्र सेवेत नुकतेच रुजू झालेल्या माणसाने एखाद्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमुखपद डोळ्यांसमोर ठेवावे का, आणि ठेवल्यास आतापासून कोणती वाट धरावी, असे तू विचारले आहेस. ठेवायला काहीच हरकत नाही. मात्र सेवाज्येष्ठतेचा हिशेब तेथे चालत नाही, हे आधीच ध्यानात घे. राजदूतपदापर्यंत तुला तुझे सरकार नेईल. त्यापुढचे पद इतर देश देतात, आणि ते देताना उमेदवाराच्या गुणांची चर्चा कितीही झाली तरी 'हा नको' असे कोण म्हणतो याकडेच सर्वांचे कान असतात.

१९८१ ची संयुक्त राष्ट्रांची निवडणूक यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. कुर्ट वाल्डहाइम यांना सरचिटणीसपदाची तिसरी मुदत हवी होती आणि चीन सुरक्षा परिषदेत त्यांच्याविरुद्ध पुन्हा पुन्हा नकाराधिकार वापरत होता; टांझानियाचे सलीम अहमद सलीम यांची वाट अमेरिकेने तशीच अडवून धरली होती. कोंडी काही आठवडे टिकली. अखेर दोघेही बाजूला झाले आणि डिसेंबरमध्ये पेरूचे हाविएर पेरेझ द क्वेयार यांच्या नावावर एकमत झाले. १९४० च्या दशकापासून मुत्सद्देगिरी करणारा, मॉस्कोत राजदूत राहिलेला आणि सायप्रसच्या वाटाघाटी हाताळलेला हा माणूस. त्यांच्याविरुद्ध नकाराधिकार वापरावा असे पाचांपैकी एकाही स्थायी सदस्याला वाटले नाही. याला नुसते नशीब म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण इतकी वर्षे वादग्रस्त प्रश्नांत वावरूनही कोणाच्या मनात अढी निर्माण न होणे ही सहज जमणारी गोष्ट नव्हे.

जागतिक व्यापार संघटनेत हेच अधिक पद्धतशीरपणे चालते. २०१३ मध्ये महासंचालकपदासाठी नऊ उमेदवार होते आणि त्यांतले बरेचसे आजी-माजी मंत्री होते. ब्राझीलचे रोबेर्तो आझेवेदो मात्र जिनिव्हातले राजदूत होते; शिक्षणाने विद्युत अभियंता, १९८४ पासून परराष्ट्र सेवेत, आणि अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्धचा ब्राझीलचा दावा लढवण्यात पुढे असलेले. तेथे मतपेटी नसते. सर्वसाधारण परिषदेचे अध्यक्ष आणि त्यांचे दोन सहकारी एका खोलीत बसतात, एकेका देशाचा प्रतिनिधी आत येऊन आपली पसंती सांगतो आणि बाहेर पडतो. त्या वर्षी नावांची संख्या तीन फेऱ्यांत नवावरून पाचवर, पाचावरून दोनवर आणि शेवटी एकावर आणली गेली. पाठिंबा किती, याबरोबरच तो किती खंडांतून आणि विकासाच्या कोणकोणत्या पायऱ्यांवरच्या देशांतून आला, हेही पाहिले जाते. अशा खोलीत छोट्या देशाचा राजदूत ज्याचे नाव घेतो, तो बहुधा समितीच्या कंटाळवाण्या बैठकीत त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा असतो, असे माझे मत आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बालीच्या परिषदेत संघटनेच्या स्थापनेनंतरचा पहिला बहुपक्षीय करार झाला, तेव्हा आझेवेदो यांना खुर्चीवर बसून जेमतेम तीन महिने झाले होते. प्रत्येक शिष्टमंडळ कोणत्या वाक्यावर अडेल हे आधीपासून ठाऊक नसते, तर एवढ्या अवधीत ते साधले असते असे मला वाटत नाही.

आता याची दुसरी बाजू. ज्यांचा तुला आक्षेप नसतो, ते तुझ्यासाठी उभे राहतीलच असे नाही. ब्राझीलचेच झोझे बुस्तानी हे रासायनिक अस्त्र प्रतिबंध संघटनेचे पहिले महासंचालक होते आणि २००० साली त्यांची फेरनिवड एकमताने झाली होती. इराकला रासायनिक अस्त्रविषयक करारात आणण्याचा त्यांचा प्रयत्न अमेरिकेला रुचला नाही, आणि एप्रिल २००२ मध्ये त्यांना ४८ विरुद्ध ७ मतांनी दूर करण्यात आले. यातला ध्यानात ठेवण्याचा आकडा तिसराच आहे: ४३ देश तटस्थ राहिले. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली, पण तोपर्यंत खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता. हे वाचून तू सावध होशील, तर ते मला हवेच आहे. मात्र कोणाला दुखवायचेच नाही असे ठरवून या पदावर जाण्यापेक्षा तेथे न गेलेले बरे.

आपल्या देशाविषयीही आत्ताच विचार करून ठेव. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे शंभरावे कलम सरचिटणीसाला कोणत्याही सरकारकडून सूचना मागण्यास वा स्वीकारण्यास मनाई करते, आणि त्यात स्वतःचे सरकारही आले. ज्या मंत्रालयाने तुझ्या उमेदवारीसाठी राजधान्याराजधान्यांत शब्द टाकला, त्याच मंत्रालयाच्या फोनला नकार द्यायची वेळ तुझ्यावर येईल.

राहिला बदलीचा प्रश्न. मोठ्या राजधानीतली राजकीय विभागातली जागा आणि जिनिव्हातले व्यापारविषयक काम, यांतले दुसरे घे. लोक त्याला अडगळीची जागा म्हणतील, म्हणू देत. दक्षिण कोरियाचे बान की मून यांचे परराष्ट्र उपमंत्रिपद २००१ मध्ये रशियाबरोबरच्या एका संयुक्त निवेदनातल्या शब्दांपायी गेले, आणि त्यानंतर ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्षांचे कार्यालय सांभाळायला न्यूयॉर्कला गेले. पाच वर्षांनी ते सरचिटणीसपदी निवडले गेले. जिनिव्हात पोहोचल्यावर पहिले काही महिने भाषणे लिहायच्या भानगडीत पडू नकोस. समितीच्या मसुद्यात वादग्रस्त मजकूर चौकोनी कंसात ठेवलेला असतो. प्रत्येक कंस कोणत्या देशाने टाकला, कधी टाकला आणि त्यामागे त्याच्या कोणत्या मंत्रालयाचा आग्रह आहे, याची स्वतःची नोंदवही ठेव. मसुदा समितीचे सचिवपद कोणी घेत नसेल तर मागून घे. आणि फ्रेंचची शिकवणी लगेच लाव, कारण सरचिटणीस निवडणाऱ्या सुरक्षा परिषदेत फ्रान्सलाही नकाराधिकार आहे आणि भाषेच्या बाबतीत तो देश फारसा उदार नाही.

रुजू झाल्यावर पहिल्या बैठकीचा मसुदा मला पाठव, कंसांसकट.

कळावे.