कुंग फू सिनेमे : आधी कोणते पाहावेत?

प्रश्न : लहानपणी टीव्हीवर पाहिलेला ब्रूस ली, एवढीच ओळख. आता जुने कुंग फू सिनेमे नीट पाहायचे आहेत. पहिले तीन कोणते? (वाचक, सांगली)

सालवार पाहायला जाऊ नका. १९६६चा 'कम ड्रिंक विथ मी' देखणा आहे, पण तो तलवारीचा सिनेमा. त्याची संथ लय अंगवळणी नसेल तर अर्ध्यातच उठाल.

पहिला लावा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८). सुरुवात मांचू राजवटीविरुद्धच्या कटात जाते, तेवढी सोसा. नायक शाओलिनच्या बौद्ध मठात शिरला की खरी गंमत. प्रत्येक दालनात एकेक गोष्ट घोटून घेतात : तोल, मनगट, नजर, डोकं. पाण्याच्या बादल्या हात ताठ ठेवून वाहायच्या आणि दंडाला खाली टोक करून पाती बांधलेली. हात जरा खाली आला की टोक बरगडीत. हे सगळं पाहिलेलं असलं की पुढच्या मारामारीत कुठली तालीम कामी आली ते आपोआप कळतं. दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंग स्वतः हुंग गार या दक्षिण चिनी कुंग फू शैलीत वाढलेला. तो कॅमेरा मागे ठेवतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, म्हणून वार आणि अडवणूक दोन्ही नीट पाहता येतात.

दुसरा, त्याच वर्षीचा जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर'. विनोद ढोबळ आहे, पण शरीरावरचा ताबा थक्क करणारा.

तिसरा ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२). 'एंटर द ड्रॅगन' नावाजलेला असला तरी त्याचा बराच वेळ हेरगिरीत जातो. इथे तो शांघायमधल्या जपानी आखाड्यात एकटा शिरतो आणि सगळ्यांना लोळवतो.

प्रश्न : 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' म्हणून डिस्क घेतली, तर त्यात थायलंडमधला बर्फाचा कारखाना निघाला. फसवणूक झाली का? (वाचक, ठाणे)

नाही. तो 'द बिग बॉस' (१९७१). अमेरिकेत तो 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' नावाने लागला आणि खरा 'फिस्ट ऑफ फ्युरी' तिथे 'द चायनीज कनेक्शन' झाला. म्हणून नावावर जाऊ नका, साल आणि दिग्दर्शक ताडून घ्या. 'गेम ऑफ डेथ' (१९७८) घेताना तर सावधच राहा : ब्रूस ली १९७३ मध्येच गेला, त्यामुळे बहुतेक सिनेमाभर त्याच्या जागी दुसरे नट आहेत. तो स्वतः पिवळ्या पोशाखात लढताना दिसतो ते शेवटाकडे.

चित्राची रुंदीही पाहा. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या स्टुडिओचे सिनेमे (वरच्यांपैकी 'कम ड्रिंक विथ मी' आणि 'थर्टी-सिक्स्थ चेंबर') २.३५:१ मापाचे, म्हणजे उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त रुंद. जुन्या टीव्हीसाठी कडा छाटलेल्या प्रतीत मारणारा दिसतो, मार खाणारा चौकटीबाहेर. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर मात्र प्रत बिघडलेली नाही. त्या काळी शूटिंग मुकं होई आणि संवाद मागाहून भरत. वर सांगितलेल्यांपैकी 'ड्रंकन मास्टर' कँटनीज या चिनी बोलीत ऐका, शॉ ब्रदर्सचे आणि 'फिस्ट ऑफ फ्युरी' मँडरिन या प्रमाण चिनीत. इंग्रजी डबिंगमध्ये गंभीर प्रसंगही हास्यास्पद होतात.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलाला दाखवता येतील? (वाचक, नाशिक)

सरसकट नाही. 'किंग बॉक्सर'मध्ये डोळे काढले जातात, 'द फाइव्ह व्हेनम्स'मध्ये छळ आहे, 'वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये एक उघडावाघडा प्रसंग आहे. 'थर्टी-सिक्स्थ चेंबर'चा मठातला भाग बेलाशक दाखवा, त्याआधीची कत्तल गाळून.