एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

आईच्या वहीतील पाककृती वाटीच्या मापाने लिहिलेल्या आहेत आणि त्या तुम्हाला ग्रॅममध्ये उतरवून घ्यायच्या आहेत, तर एक वाटी म्हणजे किती ग्रॅम धरावेत, असे तुम्ही विचारले आहे. सर्व जिन्नसांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. आमच्या रत्नागिरीकडे धान्य पायली या भरून मोजायच्या मापाने मोजत असत, तेव्हा भाताची, म्हणजे सालासकट तांदळाची, पायली हलकी आणि तांदळाची जड भरते हे शेतकऱ्याच्या घरात सर्वांना ठाऊक असे. वाटीचेही तसेच आहे.

प्रथम आईची वाटी नक्की करावी. ती रिकामी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरावे. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके वाटीचे मिलिलिटर. ती वाटी आता घरात नसेल, तर 150 मिलिलिटर धरून सुरुवात करता येईल. बाजारातील मोजमापाचा कप मात्र बहुधा 240 मिलिलिटरचा असतो, त्याची गल्लत होऊ देऊ नये. 150 मिलिलिटरच्या वाटीत, शीग न लावता, तांदूळ सुमारे 120 ग्रॅम, साखर 125, रवा 105, तांदळाची पिठी 100, तेल 138 आणि सैल भरलेली कणीक 75 ते 80 ग्रॅम मावते. कणीक दाबून भरली तर हाच आकडा 90 च्या पुढे जातो, म्हणून आई पीठ कसे भरत असे हे विचारून घेतलेले बरे.

खरी अडचण उकडीच्या मोदकांसारख्या पदार्थांत येते, कारण तेथे सगळा भर प्रमाणावर असतो. वाटीला वाटी, म्हणजे जितकी पिठी तितकेच पाणी, असे वहीत असेल आणि तुम्ही ते 100 ग्रॅम पिठीला 100 ग्रॅम पाणी असे लिहिलेत, तर उकड कोरडी होईल आणि पारी, म्हणजे मोदकाचे बाहेरचे आवरण, करताना कडा फुटतील. वाटीभर पिठी 100 ग्रॅम असली तरी वाटीभर पाणी 150 ग्रॅम असते, त्यामुळे 100 ग्रॅमला 150 मिलिलिटर हेच खरे प्रमाण होय. तांदूळ नवा की जुना यावरही पाणी थोडे कमीजास्त लागते. तो फरक वजनकाटा दाखवत नाही, हातालाच ओळखावा लागतो.

सारणात याच्या उलट गंमत आहे. दोन वाट्या नारळाचा चव, म्हणजे खवलेला नारळ, आणि एक वाटी चिरलेला गूळ असे लिहिलेले असते, पण सैल भरलेला चव इतका हलका असतो की वजनात दोन्ही जवळजवळ बरोबरीला येतात. नारळाच्या चवाचे माप मात्र कोष्टक पाहून कधीही ग्रॅममध्ये बदलू नये, कारण नारळ कोवळा की जून, बारीक खवलेला की जाड, आणि वाटीत दाबला की नाही, यांवर त्याचे वजन बरेच बदलते. एकदा नेहमीसारखी वाटी भरून तोलावी आणि तोच आकडा वहीत लिहावा.

हळद, हिंग, वेलची, मीठ यांची चमच्याची मापे तशीच राहू द्यावीत. घरातले बरेचसे काटे एका ग्रॅमच्या खाली नीट दाखवत नाहीत, आणि पाव चमचा हिंग त्यांवर तोलण्यापेक्षा चमच्याने घेणे अधिक अचूक ठरते.