आराखड्यात उद्यान, जागेवर नुसतं गवत: आता काय करायचं?

विकास आराखड्यात 'उद्यान' लिहिलं म्हणून जागा पालिकेची होत नाही. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. आधी नगररचना विभागातून भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा) घ्या आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर मालक कोण ते बघा.

मालक खासगी असेल तर एमआरटीपी कायद्याचं (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा) कलम 127 वाचाच. अंतिम आराखडा लागू झाल्यावर 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना, म्हणजे 'जागा घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत (2015 च्या दुरुस्तीआधी 12) संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण, म्हणजे जागा उद्यानासाठी राखून ठेवणं, रद्द समजलं जातं. मग तिथे इमारत उभी राहिली तरी ओरडून उपयोग नाही. म्हणून अशी सूचना आली आहे का, कधी आली, हे माहिती अधिकारात विचारा. रोख मोबदल्याला पैसे नाहीत, हे उत्तर हमखास मिळेल. पण मालक तयार असेल तर टीडीआर (पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊनही जागा घेता येते.

आरक्षण बदलण्याचा घाट असेल तर याच कायद्याच्या कलम 37 खाली जाहीर सूचना निघते. हरकतीला महिनाभरच मिळतो, आणि ती जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असते.

जागा आधीच पालिकेच्या ताब्यात असेल तर प्रश्न फक्त निधीचा. नगरसेवक गाठा, तेही अंदाजपत्रक ठरण्याआधी. एप्रिलमध्ये गेलात तर पुढच्या वर्षीचं बघू म्हणतील.