विनोदाचा रोख कुणाकडे

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची तुझ्या विनोदी कार्यक्रमाची वीस मिनिटांची संहिता, दोन्ही दोनदा वाचलं. बायकांचं आपल्याच शरीराशी चाललेलं भांडण मिटावं म्हणून तू विनोद हाताशी धरते आहेस, याचा मला फार आनंद झाला. पुढचं थोडं टोचेल, पण कार्यक्रमाआधी टोचलेलं बरं.

संहितेतले नऊ विनोद तुझ्या पोटावर, मांड्यांवर, दंडांवर आहेत. ‘मी माझ्यावरच हसते, मग कुणाला लागेल कसं?’ असं तू विचारतेस. मलाही असंच वाटायचं. सुरुवातीला मी माझ्या दंडांवर एक विनोद करायचे, हमखास टाळी घेणारा. एकदा दुसऱ्या रांगेतली एक बाई सगळ्यांबरोबर हसली आणि हसता हसताच खुर्चीच्या पाठीवरचं जॅकेट ओढून तिने खांद्यांवर घेतलं. खोलीत उकडत होतं. तिचे दंड माझ्यापेक्षा जाड होते. मी मला म्हणाले ते तिने स्वतःसाठी ऐकलं होतं. त्या रात्री तो विनोद मी वहीतून खोडला. आपण आपल्यावर मारलेला दगड आपल्यापाशी थांबत नाही गं. समोर आपल्याहून जाड, बुटकी, वयस्कर जी कुणी बसलेली असते, तिला तो लागतोच.

अमेरिकेतली फिलिस डिलर १९५५ साली, वयाच्या ३७व्या वर्षी विनोद घेऊन मंचावर आली आणि पुढे कितीतरी वर्षं स्वतःच्या रूपावर लोकांना हसवत राहिली. खरं तर तिचा बांधा छान होता. विनोद पटावा म्हणून ती तो ढगळ झग्यांखाली झाकायची. मला तिच्याबद्दल आदर आहे, कारण एकट्या बाईने उभं राहून हसवणं तेव्हा फारच विरळा होतं. पण हशासाठी चांगलं शरीर लपवावं लागावं, याचं मला अजून वाईट वाटतं. तुझ्यावर ती वेळ नाही.

मग हसायचं कशावर? मापावर, आणि माप घेऊन उभ्या असलेल्या नजरेवर.

ही नजर किती आत शिरलेली असते बघ. बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली मांडलं की मुलींना स्वतःकडे बाहेरून, बघणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहायची सवय लागते. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही तरुणींनी पोहण्याचा पोशाख घालून गणितं सोडवली, काहींनी स्वेटर घालून. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितं कमी जमली. प्रत्येकजण खोलीत एकटी होती, समोर फक्त आरसा. बघणारं कुणी नव्हतं, तरी बघणारं कुणीतरी होतंच. तुझ्या विनोदाने त्या ‘कुणीतरी’ची कॉलर पकडायची आहे.

तुझा जीन्सचा विनोद घे. जीन्स चढेना आणि तू स्वतःला पोतं म्हणतेस. तेच उलटव. एकाच दिवशी तीन दुकानांत तीन वेगळे आकडे बसतात, हे प्रत्येकीने अनुभवलेलं असतं. म्हण की, ‘सकाळी ३६, दुपारी ४०, संध्याकाळी ३८. इतक्या झपाट्याने तर चंद्रही वाढत-घटत नाही!’ आता हसू येतं ते आकड्याचं. मांड्यांवरच्या खळग्यांचंही तसंच. वयात आल्यावर ८० ते ९० टक्के बायकांना त्या असतात. दहातल्या आठ-नऊजणींकडे जे आहे त्याला व्यंग म्हणायचं की गणवेश?

हो, ‘स्वतःच्या शरीरावर प्रेम करा’ हे शेवटचं वाक्य काढून टाक. जिला आज आरशात बघवत नाही, तिच्या डोक्यावर आणखी एक गृहपाठ कशाला? तिने तासभर शरीर विसरून हसावं, मला तेवढं पुरतं.

शस्त्रक्रियेत गमावलेला स्तन, जळाल्याचे व्रण, बाळंतपणानंतरचं दुखणं यांवर आपण आधी बोलायचं नाही. जिने ते सोसलं ती स्वतः हसली तर सोबत हसायचं. आणि कुणी उपाशी राहून, उलट्या काढून वजन उतरवते आहे असं जाणवलं, तर विनोद बाजूला ठेवून तिला डॉक्टरांकडे ने. तो आजार जीवघेणा ठरू शकतो. आपलं काम तिथे संपतं.

सुरुवातीची पाच मिनिटं मात्र मला अशी करून दाखव. आल्या आल्या विचार, ‘आत्ता पोट आत ओढून कितीजणी बसल्यात?’ आधी सगळ्या चिडीचूप होतील. मग मागून कुणीतरी खुदकन हसेल, एक हात वर होईल, मग चार. लगेच पुढे बोलू नकोस, थांब. पोट आवळून धरलं की खळखळून हसता येत नाही, श्वास अडतो. हसायचं तर पोट सोडावंच लागतं, आणि ते आपोआप सुटतं. पोट धरून हसणं म्हणतात ते मी माझ्या कार्यक्रमांमध्ये खरोखर पाहिलंय. मांडीवर पर्स घेऊन पोट झाकणारे हात पर्स सोडून पोटावर येतात.

नवी संहिता रविवारपर्यंत पाठव. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्या बसल्या की पर्सा कुठे आहेत ते बघून ठेव, आणि संपल्यावर परत बघ. टाळ्यांचं नंतर सांग, आधी मला ते कळव.

तुझी,
ताई