मुलाचं व्हिटॅमिन डी कमी होतं म्हणून त्याला टाइप १ मधुमेह झाला का?

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांच्या मुलाला गेल्या महिन्यात टाइप १ निघाला, त्याच वेळच्या तपासणीत व्हिटॅमिन डी ११ आलं, आणि तेव्हापासून घरात तुम्हालाच बोल लावताहेत: गरोदरपणी उन्हात बसली नाहीस, तान्हेपणी थेंब दिले नाहीस. डी भरून काढलं तर इन्सुलिन सुटेल का, आणि धाकटीला आतापासूनच द्यावं का, हेही विचारलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला टाइप १ आहे, ती आता कॉलेजात जाते. या एका प्रश्नापायी मी बरंच वाचलंय आणि तिच्या डॉक्टरांना भंडावून सोडलंय.

आधी सांगते, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. आपल्याकडे २०१६ ते २०१८ मध्ये मुलांच्या पोषणाची देशव्यापी पाहणी झाली. त्यात ५ ते ९ वयाच्या १८ टक्के मुलांचं डी १२ च्याही खाली होतं, म्हणजे तुमच्या मुलासारखंच. वर्गात पन्नास मुलं धरली तर त्यातली नऊ. टाइप १ मात्र वर्षाला लाखात मोजक्याच मुलांना होतो. नुसतं डी कमी असल्याने हा आजार होत असता, तर आपल्या शाळाशाळांतून इन्सुलिनची पेनं दिसली असती.

मग हा संबंध आला कुठून? फिनलंडमधून. टाइप १ चं प्रमाण जगात सर्वांत जास्त तिथे, आणि हिवाळ्यात ऊन जवळजवळ नाहीच. तिथल्या उत्तर भागात १९६६ मध्ये जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक मुलांची माहिती संशोधकांनी ठेवली आणि ती तिशीची झाल्यावर पाहिलं. ज्यांना पहिल्या वर्षी रोज २००० युनिट डी नियमित मिळालं होतं, त्यांच्यात टाइप १ चा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसला. हा अभ्यास २००१ मध्ये आला आणि ८० टक्के हा आकडा आजतागायत फिरतोय. पण अजिबात डी न मिळालेली मुलं त्यात अगदी मोजकी होती. शिवाय नियमित थेंब देणारं घर आणि न देणारं घर इतर बाबतींतही वेगळं असू शकतं.

मला सगळ्यात पटणारा पुरावा त्याच फिनलंडच्या सीमेवरचा आहे. पलीकडे रशियातलं करेलिया. ऊन तेवढंच, आणि गरोदर बायकांच्या रक्तातलं डीसुद्धा दोन्हीकडे जवळपास सारखं भरलं. तरी टाइप १ फिनलंडच्या बाजूला सुमारे सहापट. आणि इटलीचं सार्डिनिया बघा. भूमध्य समुद्रातलं लख्ख उन्हाचं बेट, तरी टाइप १ मध्ये फिनलंडच्या खालोखाल. पुढे २०२१ मध्ये जनुकांवरून तपासलं गेलं. जन्मतःच डी कमी राहील अशी जनुकं असलेल्यांना टाइप १ जास्त होतो असं दिसलं नाही.

डीचा काहीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. टाइप १ हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. या यंत्रणेच्या पेशींवर डी ओळखणारे रिसेप्टर असतात, आणि उंदरांमध्ये डीच्या सक्रिय रूपाने मधुमेह टळलाय. पण नुकतंच निदान झालेल्या माणसांना तेच सक्रिय रूप दिलं, तेव्हा त्यांचं स्वतःचं इन्सुलिन काही टिकलं नाही. ब्राझीलमधल्या एका छोट्या चाचणीत साध्या डीने ते जरा सावकाश घटलं, पण इन्सुलिन कुणाचं सुटलं नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘डीमुळे ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी घटतात’ हे २०२२ च्या अमेरिकी अभ्यासातलं आहे. त्यातले सगळे पन्नाशीच्या पुढचे होते.

आता जिथे लोक खरोखर फसतात ते सांगते. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच मुलांचे डोस झपाट्याने उतरतात. उरल्यासुरल्या बीटा पेशी (इन्सुलिन बनवणाऱ्या) थोडा श्वास घेतात, त्याला हनिमून फेज म्हणतात. नेमकं त्याच काळात डीचं पाकीटही चालू असतं. साखर ११०, १२० दिसायला लागते, डोस दोन-दोन युनिटांवर येतो आणि घरात सगळ्यांना वाटतं की डीनेच गुण आला. मग कुणीतरी म्हणतं, सुई बंद करून बघू. कृपा करून हे करू नका, मग सांगणारा कितीही वडीलधारा असो. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन नावाची आम्लं साचून मूल थेट आयसीयूत जाऊ शकतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

डी मात्र जरूर भरून काढा, हाडांसाठी. ६०,००० युनिटचं पाकीट लिहून दिलं असेल तर ते बहुधा आठवड्यातून एकदा, दुधातून, ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. चिठ्ठीवर वार लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण रोजचं समजून ते रोज दिलं जाण्याचे प्रकार होतात. डी फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मग खूप तहान लागते, सारखी लघवी होते, उलट्या होतात. हे सगळं साखर वाढल्यासारखंच दिसतं, आणि आपण विनाकारण इन्सुलिनच्या मागे लागतो. उन्हाचं म्हणाल तर सकाळच्या कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण फार कमी असतात, आणि खिडकीच्या काचेतून ते जवळपास येतच नाहीत. ऊन घ्यायचं तर दुपारच्या सुमाराचं थोडा वेळ, उघड्या हातापायांवर. मासे खात असाल तर बांगडा, तारली द्या.

अजून एक विचारा: सिलिॲकची तपासणी झालीय का? टाइप १ असलेल्या मुलांमध्ये गव्हाची ही ॲलर्जीसारखी दिसणारी ऑटोइम्यून तक्रार इतरांपेक्षा जास्त आढळते, आणि त्यात आतड्यांतून डी नीट शोषलं जात नाही. औषध घेऊनही डी वर येत नसेल तर टीटीजी नावाची रक्ततपासणी नक्की करा. तिचा रिझल्ट येण्याआधी मुलाचा गहू बंद करू नका, नाहीतर तपासणी फसते.

धाकटीला वयानुसार नेहमीचं डी द्या: पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट, नंतर ६००. टाइप १ टळावा म्हणून मोठे डोस देऊ नका, त्याला आधार नाही. भावंडांना धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, तरी बहुतेकांना हा आजार होत नाही. मन शांत होत नसेल तर जीएडी, आयए-टू, झिंक ट्रान्सपोर्टर या अँटिबॉडी तपासण्यांबद्दल (टाइप १ ची चाहूल आधीच लागते का ते पाहणाऱ्या रक्ततपासण्या) मुलाच्या डॉक्टरांशीच बोला. आणि ती अचानक खूप पाणी प्यायला लागली, रात्री पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली किंवा वजन उतरायला लागलं, तर घरातल्याच ग्लुकोमीटरवर लगेच बोटाची तपासणी करा. साखर २०० च्या वर आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.