वाचक विचारतात : फिल्म काचेवर टिकतच नाही

प्रश्न : ताई, मी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला केमिकल बाथने (गरम द्रावणात काच बुडवून) कॅडमियम सल्फाइडची थिन फिल्म, म्हणजे पातळ थर, करतेय. पिवळी फिल्म बसते पण धुताना पोपडे निघतात, नाहीतर बोट लावलं की पावडर हाताला येते. दोन महिने असेच गेले. एका बऱ्या सॅम्पलचा एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख) मिळाला, त्यावरून क्रिस्टलची साइज काढली तर ०.३६ नॅनोमीटर आली. मैत्रीण म्हणते रिसर्च पेपरात २०च्या आसपास असते, तेवढीच लिहून टाक. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अगं, २० लिहायचं आधी डोक्यातून काढ, कारण तुझं उत्तर बहुतेक खरंच २० आहे, फक्त ते तुझं तू काढायला हवं. क्रिस्टलची साइज काढायच्या शेररच्या फॉर्म्युल्यात पीकची (आलेखातल्या शिखराची) रुंदी रेडियनमध्ये घालायची असते आणि तू डिग्रीच घातलीस असं वाटतंय. २६.५ डिग्रीच्या पीकची रुंदी ०.४ डिग्री धरून मी करून बघितलं, डिग्री तशीच ठेवली तर नेमके ०.३६ येतात, रेडियन केलं की २०.४. कॅडमियम सल्फाइडचा युनिट सेलच (क्रिस्टलमध्ये परत परत येणारा सगळ्यात छोटा तुकडा) ०.४१ बाय ०.६७ नॅनोमीटरचा, मग अख्खा क्रिस्टल त्याहून छोटा कसा असेल? असा आकडा आला की लपवायचा नाही, थांबून शोधायचं, प्रोजेक्टमध्ये शिकायचं ते हेच. मशीनमुळे येणारी रुंदी वजा केलीस का तेही बघ.

आता पोपडे. काच साबण, अ‍ॅसिड, डिस्टिल्ड वॉटरने धुतल्यावर उभी धरून बघ, पाणी सलग पसरलं तर साफ, थेंब थेंब झाले तर परत धू. पण माझा खरा संशय अमोनियावर आहे. अमोनिया कॅडमियमला धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, म्हणून फिल्म काचेवरच सावकाश वाढते आणि घट्ट बसते. ७०-८० डिग्रीला बीकर उघडा ठेवला की अमोनिया उडून जातो, सगळं एकदम होतं, कण पाण्यातच बनतात आणि काचेवर नुसते येऊन बसतात, तीच तुझ्या हाताला येणारी पावडर. बीकर झाकून बघ, आणि पाणी कितव्या मिनिटाला पिवळं झालं ते प्रत्येक वेळी वहीत लिही.

आणि ते दोन महिने वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही. अमोनिया कमीजास्त करून चार-पाच बाथ लाव, प्रत्येक फिल्मला सेलोटेप चिकटवून ओढ, किती निघाली त्याचा फोटो काढ, यूव्ही स्पेक्ट्रोमीटरवर बँड गॅप काढ (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी ऊर्जा, २.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास यायला हवी). झाला की विषय! एक्सआरडी मशीनवर नंबर लागायची वाट बघत बसायला नको. शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर कित्येक वर्षं काम चालू आहे, शोधगंगा या थिसिसच्या वेबसाइटवर तिथले जुने थिसिस काढ आणि त्यातलं प्रयोगाचं प्रकरण नीट वाच, बारीकसारीक गोष्टी तिथेच सापडतात.

एक मात्र मला मनापासून खटकलं, तू बोट लावलंस. कॅडमियम विषारी असतं गं, ग्लोव्हज घातल्याशिवाय हात लावू नकोस आणि उरलेला बाथ बेसिनमध्ये ओतू नकोस, लेबल लावलेल्या वेगळ्या बाटलीत भर आणि लॅब असिस्टंटना सांगून ठेव.